गुडघ्यांवर चालणारे मास्तर

एकदा एक तरुण मास्तर आपल्या शाळेचा उपक्रम दाखवायला वृद्ध गुरुजींना घेऊन आला. याच गुरुजींनी कधीकाळी त्याचं बोट धरून त्याला अक्षरं शिकवली होती. उपक्रम ग्रामसेवेचा होता. तिसरीच्या मुलांनी शाळेसमोरची गल्ली झाडायची, मग पाणी ओतून धुऊन काढायची. केंद्रप्रमुख साहेब पाहायला येणार होते. आता सांगा, यात वावगं काय? मला तरी काही दिसलं नसतं बुवा.

मुलं कचरा वेचत पळत होती. गुरुजी ओट्यावर बसून पाहत होते. भरलेल्या बादल्या आल्या मात्र, हे शांत गृहस्थ ताडकन उठून गल्लीत आडवे उभे राहिले.

"थांबा! थेंबसुद्धा सांडायचा नाही!" मग मास्तराला म्हणाले, "तू गुडघ्यांवर चालत जा. त्या विजेच्या खांबाच्या अलीकडे थांब आणि काय दिसतं ते बघ."

"अहो गुरुजी, साहेब येतील एवढ्यात. मुलं हसतील मला."

"हसू देत. जा."

गुरूची आज्ञा! बिचारा निघाला. मुलं खिदळली. पण खांब जवळ येताच हसू विरलं आणि दुर्वा नावाची चिमुरडी किंचाळली, "सर, पुढे नको!"

मास्तर जागीच थिजला. खांबाला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स बांधलेला होता. उभ्या माणसाला तेवढाच दिसे. त्याच्या खालून रोषणाईची उरलेली वायर लोंबत होती, टोकाला उघडी, मुलांच्या हाताच्या उंचीवर.

त्याला दरदरून घाम फुटला. "दुर्वा, तुला हे ठाऊक होतं?"

"हो सर. खांबाला हात लागला की झिणझिण्या येतात. आम्ही सगळे लांबूनच जातो."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही कचरा कुठंय ते विचारलंत."

मास्तरानं बादल्यांकडे पाहिलं, मग मुलांच्या अनवाणी पायांकडे. तो म्हणाला, "गुरुजी, आज माझ्या हातून काय झालं असतं हो!"

गुरुजी म्हणाले, "पळताना एकूण एक पोर त्या खांबाला वळसा घालत होतं. कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं, पण विजेच्या खांबापाशी भय आहे, तिथं पाणी नको, एवढं उमगलं. बाळा, सेवा शिकवायला निघालास आणि गावाचं दुखणं मात्र तूच ठरवून मोकळा झालास. मुलांच्या हाती झाडू दिलास, त्यांना विचारलंस ते फक्त कचऱ्याचं. ती ज्या गावात वावरतात, ते आपल्या उंचीवरून दिसत नाही रे."

वायरमन येईपर्यंत गल्ली दोन्हीकडून अडवून ठेवली. साहेब आले तेव्हा मास्तर वर्गात होता. त्यांच्यासमोरच त्यानं मुलांना विचारलं, "तुम्हाला कुठं कुठं भीती वाटते?"

भराभर हात वर झाले. दुर्वा उठून म्हणाली, "सर, गावातलं सांगू, की आधी शाळेतलं?"

 मास्तरानं एकदा साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "शाळेतलं सांग."