वारुळातला सरळ रस्ता

माळावर एकच बाभूळ उरली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या बुंध्याशी असलेल्या मुंग्यांच्या वारुळात दर सात पावलांवर वळण असे. कारभारी मुंगळ्याने प्रयोग म्हणून दारापासून राणीच्या महालापर्यंत एकच सरळ रस्ता खणायला लावला.

"कारभारी, वाडवडिलांनी वळणं उगाच नाही ठेवली," म्हातारी चिमा मुंगी म्हणाली.

"मग कशासाठी ठेवली, सांग!"

ते चिमाला ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दुपारी दाराकडे गेलेली एकही मुंगी परतली नाही. चिमा शोधायला निघाली. रस्ता ओला, उबदार, चिकट लागला. पाय उचलेना. मग पायाखालचा रस्ताच दाराकडे सरकू लागला.

दारात खवल्या मांजर आपली लांबलचक जीभ आत ओढत होतं.

"कारभारी, वळणं कशासाठी होती ते कळलं हो!" चिमा ओरडली.

"मलाही," शेजारीच चिकटलेला कारभारी म्हणाला.