उतरवलेला राजा

“माई, दारातून उठता, की उचलून बाजूला करू?”

विचारणारा रॅनल्फ होता, थॉर्नबेकचा उमराव. त्या काळी इंग्लंडचा राजा कोण व्हावा हे दरबारात नाही, रॅनल्फच्या जेवणघरात ठरे. त्यानेच केलेला एक राजा पुढे त्याला नकोसा झाला. त्याने दुसरा केला. पहिला पळाला आणि या मठात शिरला.

मठात आसरा घेतलेल्याला ओढून काढायचं नाही, असा रिवाज होता. रॅनल्फ तरीही घोडेस्वार घेऊन आला होता.

मठाची प्रमुख माई ऑड्री दारातच तिवई टाकून बसली होती. लहानपणी रॅनल्फला अक्षरं तिनेच शिकवली होती.

“नाही उठत,” ती म्हणाली.

“आत राजा आहे.”

“राजा राजधानीत आहे. तुझेच लोक गावोगाव ओरडून सांगून गेले. आत एक म्हातारा आहे. कांदे सोलतोय.”

“मग तो म्हातारा द्या.”

“एका म्हाताऱ्यासाठी एवढे घोडे आणलेस?”

...

“तो जगला तर फौज जमवेल, माई. माझी मुलं मरतील.”

“मरतील कदाचित. तरी नाही देणार.”

“या मठाचं छप्पर मी घातलंय. उतरवूही शकतो.”

“उतरव. आम्ही भिजू.”

रॅनल्फने हात केला. कुऱ्हाड घेऊन एक शिपाई पुढे आला. माई उठली आणि तिने त्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. तिला ती पेलेना. फरफटत आणून तिने दांडा रॅनल्फपुढे केला.

“याला कशाला पाप लावतोस? तूच घाल घाव. आधी मी, मग दार.”

रॅनल्फने कुऱ्हाड उचलली. माई दाराला पाठ लावून उभी राहिली.

...

दार आतून उघडलं. उतरवलेला राजा समोर उभा होता. बाह्या वर सारलेल्या, डोळ्यांना कांद्याचं पाणी.

“चल रॅनल्फ, येतो मी. यांना सोड.”

माईने मागे वळूनही पाहिलं नाही.

“तुम्हांला कोणी बोलावलं? आत जा. चुलीवरचं लागेल खाली.”

राजाने एकदा रॅनल्फकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे... आणि मुकाट्याने आत गेला.

रॅनल्फची कुऱ्हाड हळूहळू खाली आली. त्याने स्वारांना परत फिरायला सांगितलं. स्वतः मात्र तिथेच थांबला, कपाळाला आठ्या घालून.

“गादीवर मी बसवला त्याला,” तो शेवटी म्हणाला. “एकही दिवस माझं ऐकलं नाही. तुमचं कसं ऐकतो?”

माई पुन्हा तिवईवर टेकली.

“तू त्याला बसवलंस. मी त्याला ‘बसा’ म्हटलं.”