वेशीवरची टिटवी

फार फार जुनी गोष्ट. खिंडीच्या तोंडाशी एक गाव होतं. वेशीत येणाऱ्या प्रत्येकाला गूळपाणी द्यायचं, ही त्या गावाची रीत.

एका हिवाळ्यात लाल पागोट्यांचे पाहुणे आले. गूळ खाल्ला, पाणी प्यायले आणि शालीखालून कोयते काढले. हे शत्रू आहेत, हे कळायलाच गावाला वेळ लागला. तोवर धान्याचं कोठार जळालं. लढून त्यांना पिटाळलं खरं, पण गाव वर्षभर कण्यांवर जगलं.

पाटलांनी हुकूम काढला, "लाल पागोटं दिसलं की वेस बंद!" लढलेली माणसं शेतावर परतली. मोजकी चारजणं मात्र वेशीपाशीच राहिली. त्यांत पाणी देणारी एक तरुणी. पान पडलं तरी दचकायची, म्हणून लोक तिला टिटवी म्हणत.

पुढच्या हिवाळ्यात वाजतगाजत एक वऱ्हाड आलं. पांढरे फेटे, नवरदेवाला मुंडावळ्या. पाटील हसत सामोरे गेले. टिटवीने गूळ पुढे केला. नवरदेवाने तो डाव्या हाताने घेतला. उजवा शालीतच. मागच्यांचंही तसंच.

गेल्या साली पाणी तिनेच दिलं होतं; तेव्हाही पाहुण्यांचे उजवे हात असेच शालीत होते.

"पाटील, हे तेच!"

"गप गं! डावरा असेल नवरदेव."

"आणि सगळं वऱ्हाडच डावरं?"

"वऱ्हाडाचा अपमान झाला, तर या गावाशी सोयरीक कोण करील?"

खरंच वऱ्हाड असलं तर? पण डोळ्यांपुढे जळतं कोठार उभं होतं. तिने तांब्या मागे घेतला.

"ओंजळ करा, नवरदेव. पाणी वरून घालते."

नवरदेवाचा उजवा हात बाहेर आला, तो कोयता घेऊनच.

टिटवी ओरडली. वेशीवरचे तिघे आडवे आले, ढोल वाजला. शेतातली माणसं या वेळी विचारत बसली नाहीत, काठ्या घेऊन धावलीच. काही मडकी फुटली, काहींना खरचटलं. कोठार मात्र वाचलं.

"टिटवे, पुढल्या साली काय घालून येतील गं?" पाटलांनी ओशाळून विचारलं.

"काहीही घालू देत. मी इथंच आहे."

आपल्या छातीतही आधीचा आजार लक्षात ठेवणाऱ्या अशाच स्मृतिपेशी वेशीवर बसून असतात. फ्लूचा विषाणू वरचेवर पागोटं बदलतो, पण त्याचं जे बदलत नाही, ते त्या ओळखतात आणि साऱ्या गावाला उठवतात. कधी थोडा ताप येतो, पण बहुतेकदा कोठार वाचतं.

सोसलेलं जो विसरत नाही, त्याला वेश बदललेला वैरीही ओळखू येतो.