तांब्याची मुकी पेटी

कोण्या एका बाजारपेठेच्या गावात दिगंबर तांबट नावाचा कारागीर राहत होता. त्याचे वडील हंडे-घागरी घडवायचे. याने त्यांची हातोडी फळीवर ठेवून दिली आणि संगणक जुळवायचा धंदा धरला.

त्याला एकच वेड होतं. पिशवीत मावेल असा छोटा संगणक घडवायचा. त्यावर गाणं रेकॉर्ड करता यावं आणि काम संपलं की भारीतला भारी गेमही खेळता यावा. पण घोडं अडत होतं ते इथेच. गेम खेळताना संगणक तापतो, म्हणून आत पंखा लागतो. आणि पंखा फिरला की गाण्यात त्याची घरघर उतरते. पंखा ठेवावा तर गाणं बिघडतं, काढावा तर संगणक जळतो.

बरेच दिवस डोकं खाजवल्यावर त्याची नजर फळीवरच्या हातोडीकडे गेली. तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. त्याने पंखा काढून टाकला, तांब्याचा पत्रा ठोकून जेवणाच्या डब्याएवढी पेटी घडवली आणि सगळं सामान तिच्यात बसवलं. आतला आवाज बाहेर नको म्हणून प्रत्येक सांधा कथील ओतून बंद केला. तारांच्या भोकांत रबर ठासलं. यातून काही म्हणजे काही बाहेर पडायचं नाही, असं तो येईल त्याला अभिमानाने सांगायचा. त्याची बायको शालन हसून म्हणायची, पुरे झालं पेटीचं कौतुक, ताट वाढलंय.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांची एक रीत असते. गायकाने तोंड उघडण्याआधी सगळ्यांना गप्प बसवायचं आणि थोडा वेळ नुसती खोली रेकॉर्ड करायची. मग संगणकाला सांगायचं, हा एवढा आवाज नको आहे, गाण्यातून वजा कर. पहिल्या गाण्याच्या वेळी दिगंबरने तेच केलं. तेव्हा शेजारी एक कुत्रं भुंकत होतं. पेटीने ते भुंकणं इतकं साफ काढलं, की दिगंबर हुरळून गेला. संध्याकाळी तेच कुत्रं दारात उभं होतं. तोंड उघडत होतं, मान झटकत होतं, पण आवाज येत नव्हता. घसा बसला असेल, दिगंबर म्हणाला. मनात त्याला बरंच वाटलं.

पेटीचं नाव झालं. कॉलेजातली मुलं ओसरीवर गेम खेळायला येऊ लागली. हेडफोन लावला की खेळातल्या शत्रूची पावलं मागून येताना ऐकू यायची, अगदी मानेजवळ. मुलं दचकून मागे बघायची आणि मग हसायची. दिगंबर पेटी पिशवीत घालून गावोगाव हिंडू लागला. कुठे भजनी मंडळ, कुठे सनईवाले, कुठे ओव्या म्हणणाऱ्या बायका. जिथे जाई तिथे आधी सगळ्यांना गप्प बसवी, थोडा वेळ त्या जागेचा आवाज घेई आणि पेटीला म्हणे, हा नको.

अशाच एका गावात हौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या गायिकेने त्याला निघताना अडवलं. ती म्हणाली, "बाबा, गाणं नेलंस ते ने. पण आमच्या विहिरीचा रहाट गप का झाला, तेवढं सांगून जा."

दिगंबरने पाहिलं. रहाट फिरत होता, पोहऱ्यातून पाणी सांडत होतं, पण ना करकर होती ना पाण्याचा आवाज. पिंपळाची पानंही तशीच मुकाट हलत होती. कोणीतरी तेल घातलं असेल, असं काहीतरी पुटपुटून त्याने पिशवी उचलली आणि वाट धरली. खरं तर तेव्हाच त्याला कळलं होतं. पण पेटी हातातून सोडायची म्हणजे नावलौकिकही सोडायचा, आणि तेवढं धैर्य त्याच्याजवळ नव्हतं.

लवकरच शहरातल्या एका रेकॉर्डिंग कंपनीचे मालक, पोतनीस, पेटी बघायला येणार असल्याचा निरोप आला. त्यांना आवडली तर तशा पेट्या शहरात बनणार होत्या. दिगंबरचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांना ऐकवायला उत्तम नमुना हवा, म्हणून त्याने गावातल्या बासरीवाल्याला घरी बोलावलं. शालन स्वयंपाक करता करता काहीतरी गुणगुणत होती. दिगंबरने तिला हाक मारली आणि दाराशी गप्प उभं राहायला सांगितलं. ती बिचारी उभी राहिली. पण माणूस गप्प उभं राहिलं तरी त्याचा श्वास चालतो, बांगड्या किणकिणतात. शिवाय ते अर्धवट राहिलेलं गाणं तिच्या ओठांत अजून घोळतच होतं. दिगंबरने तो आवाज घेतला आणि सवयीने पेटीला सांगितलं, हा नको.

बासरी काचेसारखी स्वच्छ उतरली. बासरीवाला गेल्यावर शालन जेवायला बोलवायला आली. ओठ हलले, आवाज आला नाही. तिने गळ्यावर हात ठेवला. पुन्हा ओठ हलवले. मग ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

दिगंबरची पाचावर धारण बसली. त्याने हेडफोन कानाला लावला आणि बासरी ऐकली. बासरीच्या खाली, खूप खोल, आणखी काहीतरी होतं. कुत्रं भुंकत होतं. रहाट करकरत होता. पाणी सांडत होतं. कितीतरी गावांची कुजबुज एकमेकांत मिसळली होती, आणि त्या गर्दीत शालन त्याला हाका मारत होती. पेटीने काहीच पुसलं नव्हतं. सगळं आत कोंडून ठेवलं होतं, आणि बाहेर पडायला त्याने वाटच ठेवली नव्हती. पेटी फोडली तरच तो आवाज सुटणार होता.

त्याने शालनला सगळं सांगितलं. ती उठली, फळीवरून सासऱ्यांची हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

दिगंबर म्हणाला, "उद्या फोडतो. पोतनीस येऊन गेले की लगेच. एवढी एकच गोष्ट माझ्यासाठी कर."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हातोडी परत घेतली आणि जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी पोतनीस आले. त्यांनी डोळे मिटून बासरी ऐकली, गेमही खेळून पाहिला आणि दिगंबरला शाबासकी दिली. शालन चहा घेऊन आली. पोतनीसांनी तिची विचारपूस केली. तिने नुसती मान हलवली. वहिनी फार कमी बोलतात वाटतं, असं ते म्हणाले, तेव्हा शालन नवऱ्याकडे पाहत थांबली.

दिगंबर हसला आणि म्हणाला, "हो, तिचा स्वभावच तसा आहे."

शालनने कप ठेवला, त्याच्यावरची नजर काढली आणि आत गेली.

पाहुण्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि दिगंबरने हातोडी घेऊन पेटीवर घाव घातले. सांधा उकलला. आधी थंड हवा आली, मग आवाज सुटले. भुंकणं कुत्र्याकडे गेलं, पानांची सळसळ झाडांकडे गेली, बाकीचे घोळक्याने ओसरीवरून आपापल्या गावांच्या वाटांना लागले. शेवटी पेटी रिकामी झाली.

"शालन," तो म्हणाला, "बोल आता."

तिने ओठ हलवले. आवाज आला नाही.

एवढ्यात आवाज कशाचा झाला म्हणून शेजारच्या गंगूकाकू धावत आल्या. शालनची वाचा गेल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं. त्यांनी शालनला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अगं बाई, आला गं तुझा आवाज," त्या म्हणाल्या. दिगंबरला काकूंचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. कुत्रं ऐकू येत होतं, दूरचा टांगा ऐकू येत होता, शालनच्या बांगड्याही ऐकू येत होत्या. फक्त तिचा आवाज तेवढा त्याच्या कानांवर येत नव्हता.

मग शालन त्याच्याकडे वळली आणि त्याच्या डोळ्यांत बघून सावकाश एक वाक्य बोलली. ते ऐकून काकूंनी मान खाली घातली. काय म्हणाली, काय म्हणाली, असं तो त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिला. काकूंनी त्याला ते कधीच सांगितलं नाही.

तात्पर्य: आपल्या माणसांचा आवाज ज्याला कामातली अडचण वाटतो, त्याने तो आजच ऐकून घ्यावा. स्वतःच्या नावासाठी त्यांना उद्यावर टाकलं, तर आवाज त्यांच्याकडे परत येतो, आपल्याकडे येत नाही.