मिठाची खिंड आणि न पोचलेला अर्ज

फार जुन्या काळी डोंगरातल्या एका चिमुकल्या राज्यात मिठाचे वांधे झाले. मीठ आणायला बैल समुद्राकडे जायचे, शेजारच्या राज्यातल्या खिंडीतून. त्या शेजाऱ्याने अचानक खिंडीत चौकी बसवली आणि दहातले आठ बैल माघारी धाडायला सुरुवात केली. झालं! घरोघरी आमटी अळणी, पिठलं अळणी. लोक अगदी वैतागून गेले.

तरुण राजा तर भडकलाच. "सात राज्यांच्या महासभेत अर्ज टाका! आजच्या आज! कळू दे सगळ्यांना यांची दांडगाई."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. म्हातारा प्रधान तेवढा चुळबुळत होता. तो म्हणाला, "महाराज, अर्ज जरूर करू. पण महासभेची रीत ठाऊक आहे ना? अर्ज एकदा आत गेला की मागे घेता येत नाही. आणि ज्यावरून भांडण, त्याला निकाल लागेपर्यंत टाळं. मागे एका रानाचा निकाल अकरा वर्षांनी लागला. आज दोन बैल तरी जातात, उद्या तेही बंद!"

"घाबरलात वाटतं, प्रधानजी!" सेनापती म्हणाला, आणि सगळा दरबार खो खो हसला.

प्रधानाला ते फार लागलं. चाळीस वर्षं चाकरी केली, ती हे ऐकायला? पण रुसून बसून लोकांच्या ताटात मीठ थोडंच पडणार होतं! "अर्ज लिहा," तो म्हणाला, "मीच नेतो. फक्त वाटेत शेजारच्या राजाला वाचून दाखवतो. त्यात काही चुकीचं निघालं, तर सात राज्यांपुढे आपलीच फजिती."

राजाने कुरकुरत आठ दिवस दिले.

शेजारच्या राजाने अर्ज ऐकला आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुमच्या बैलांना खुरकूत झालीय! आमचे गोठेच्या गोठे आजारी पडले. लंगडे बैल तेवढे आम्ही परत पाठवतो."

प्रधान ओशाळला. बैल लंगडत होते खरे, पण घाटातल्या दगडांनी खूर दुखावले असतील, असंच इकडे सगळे धरून चालले होते. "मग आम्हाला कळवलं का नाही?"

"वाटलं, तुम्ही मुद्दामच पाठवताय."

दोघंही हसले. ठरलं असं की बैल बरे होईपर्यंत शेजाऱ्याचे धडधाकट बैल खिंडीपर्यंत मीठ आणतील, आणि चौकीवर दोन्हीकडचे गुरांचे वैद्य बसतील.

सातव्या दिवशी प्रधान परतला, मागे मिठाच्या गोणी.

"आणि अर्ज?" राजाने विचारलं.

"दुरुस्त होऊन आलाय, महाराज."

राजाने कागद उलगडला. 'शेजारी दांडगाईने वाट अडवतो' या ओळीतला एकच शब्द शेजारच्या राजाने खोडला होता. तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'भीतीने'.

राजाने कागदाची नीट घडी घातली. मग त्याने प्रधानाला आपल्या शेजारी जेवायला बसवलं आणि पहिली वाढणी स्वतः केली.

तात्पर्य: पंचांपुढे दाद मागण्यात कमीपणा नाही, पण आपलं गाऱ्हाणं आधी शेजाऱ्याला ऐकवावं, म्हणजे त्याचंही ऐकू येतं.