दोरी ओढणारीचा हात

एकदा एका तालुक्याच्या गावी एका वृद्ध गुरुजींनी जुन्या खेळण्यांचे संग्रहालय थाटले. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी; पण त्यात काय नव्हते! पांगुळगाडे होते, पितळी भातुकली होती, चावी दिली की टाळ वाजवणारे पत्र्याचे माकड होते, आणि लाखेच्या रंगांत न्हालेले लाकडी भोवरे, बाहुल्या, डबे तर भिंतभर होते. चाळीस वर्षे लोकांचे माळे आणि अडगळी धुंडाळून गुरुजींनी हे वैभव जमवले होते. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला चपला दाराबाहेर काढाव्या लागत.

त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. तो खेळणी करणाऱ्याच्याच घरात जन्मलेला. त्याचे वडील सोनू मेस्त्री आयुष्यभर लाकूड कातत आले. पण त्यांचा माल बाजारात जाई तो दुकानदाराच्या शिक्क्यानिशी. त्यांचे भोवरे फिरवणाऱ्या एकाही पोराला त्यांचे नाव कधी कळले नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून शिष्याने एकच ध्यास घेतला होता. वडिलांचे नाव काचेच्या कपाटात, चार माणसांना दिसेल असे लागले पाहिजे.

गुरुजींनी त्यासाठी मधले कपाट मोकळे करून दिले. शिष्याने त्यात वडिलांनी घडवलेला नऊ रंगीत वलयांचा मोठा भोवरा ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली, 'कारागीर : सोनू मेस्त्री.'

गुरुजींनी चष्मा कपाळावर सारून ती जवळून वाचली. म्हणाले, “अर्धीच लिहिलीस.”

शिष्याला वाटले, आजोबांचे नाव राहिले. त्याने 'सोनू धाकू मेस्त्री' केले. “अर्धीच.” मग गाव घातले. “अजून अर्धीच.” आता शिष्य इरेला पेटला. 'निष्णात', 'काष्ठकलानिपुण', 'परंपरेचे पाईक' अशी विशेषणे त्याने एकावर एक चढवली. चिठ्ठी भोवऱ्यापेक्षा मोठी झाली. गुरुजी हसले. “लांबी वाढली रे. अर्धेपण काही जाईना.”

शेवटी शिष्याने सारी विशेषणे टाकून पहिलीच चिठ्ठी पुन्हा लावली. आपल्या वडिलांना गुरुजी पुरते कारागीर मानत नाहीत, ही शंका मात्र त्याला डाचू लागली.

कपाट खुले करायच्या दिवशी त्याने आईला गावाहून मुद्दाम बोलावून घेतले. शेवंतीबाई ठेवणीतले लुगडे नेसून आल्या. गावातली पंधरा-वीस माणसे जमली होती. शिष्य आईचा हात धरून तिला मधल्या कपाटापाशी घेऊन गेला. तेवढ्यात गुरुजी पुढे झाले, त्यांनी किल्ली लावून कपाट उघडले, चिठ्ठी उचलली, तिची घडी घातली आणि खिशात टाकली.

शिष्याचे कान तापले. “गुरुजी, आजच्या दिवशी? आईसमोर?”

“आईसमोरच,” गुरुजी शांतपणे म्हणाले आणि तिच्याकडे वळले. “वहिनी, लेथवर किती वर्षं काम केलंत?”

“मी?” शेवंतीबाई ओशाळून हसल्या. “मी खंयची काम करतंय! लेथ तेंचो, पटाशी तेंची. मी आपली दोरी ओढी.”

तो लेथ पडवीतच होता. शिष्यानेच तो संग्रहालयाला दिला होता. त्याला ना वीज, ना पट्टा. लाकडाला दोरीचे वेढे द्यायचे, ओढणाऱ्याने दोन्ही टोके धरून ताक घुसळल्यासारखी आलटून पालटून ओढायची, की लाकूड फिरू लागते. समोर बसलेला त्यावर पटाशी धरतो आणि आकार आला की लाखेची रंगीत कांडी टेकवतो. गुरुजींना ही विद्या बेताचीच येत होती. तरी त्यांनी एक कोरा भोवरा लेथवर चढवला, कांडी घेतली आणि शिष्याला फर्मावले, “ओढ.”

शिष्य अंगापिंडाने भक्कम. त्याने जोर लावला. लाख कुठे थापली गेली, कुठे लागलीच नाही. भोवऱ्याला गजकर्ण झाल्यासारखे दिसू लागले, आणि जमलेली माणसे हसली.

गुरुजींनी दुसरा कोरा भोवरा चढवला. “आता वहिनी.”

शेवंतीबाईंनी पदर खोचला, दोरीचा ताण अंगठ्याने पाहिला आणि ओढायला सुरुवात केली. घाई नाही, हिसका नाही. लाख लाकडावर अलगद वितळली आणि तांबडे वलय काठोकाठ उमटले. त्यांचे लक्ष लाकडाकडे नव्हतेच. त्या गुरुजींच्या मनगटाकडे पाहत होत्या. मनगट थांबायच्या बेतात आले की दोरी आधीच मंद होई.

“तेंका माका कधी सांगूचा लागूक नाय,” नवऱ्याच्या आठवणीने त्या सहज बोलून गेल्या.

गुरुजींनी कांडी खाली ठेवली. “ऐकलंस? अरे, लाख वितळते ती घासण्यातून आलेल्या उबेवर. ऊब कमी पडली तर ती धरत नाही, वाढली तर फरफटते. ती ऊब दोरीवाल्याच्या हातात असते. तुझ्या वडिलांची पटाशी थोर होती, त्यात शंकाच नाही. पण त्यांच्या भोवऱ्यावर नऊ वलयं आहेत आणि एकाचीही कड थरथरलेली नाही. ती सही या हाताची आहे. दुकानदाराने एक नाव पुसलं, आणि तू मोठ्या प्रेमाने दुसरं पुसत होतास. मी सांगितलं असतं तर तू माझी आज्ञा म्हणून लिहिलं असतंस. ते तुझं तुला दिसायला हवं होतं.”

शिष्याने लेथच्या दोरीकडे पाहिले. त्या दोरीचा आवाज ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. पण आई काम करते आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून कितीतरी अधिक आईचा अभिमान वाटला. त्याने नवी चिठ्ठी घेतली आणि तिच्यासमोरच लिहिले, 'कारागीर : शेवंती आणि सोनू मेस्त्री.'

शेवंतीबाईंनी एकेक अक्षर लावत ते वाचले. “तेंचा नाव आदी घाल रे,” त्या घाईने म्हणाल्या. मग चिठ्ठीकडे त्यांनी पुन्हा पाहिले, बराच वेळ पाहिले.

“नाय. ऱ्हवांदे.”

समारंभ आटोपला असे लोकांना वाटले. शेवंतीबाई मात्र शेजारच्या कपाटाकडे वळल्या होत्या. तिथल्या डब्याखाली 'कारागीर अज्ञात' असे लिहिले होते. त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या. “ही नवी सून आसतली. घाबरत ओढल्यान.” पुढची बाहुली पाहून म्हणाल्या, “दोरी ओढताना हिका मधीच ठसको लागलो. बघा, हयसर.” आणि एका वाकड्या वलयाच्या भोवऱ्यापाशी तर त्या खुदकन हसल्या. “ह्या घोवबायलांचा त्या दिसा भांडान झाला आसतला!”

मंडळी त्यांच्याभोवती गोळा झाली. चाळीस वर्षे ही खेळणी रोज पाहणारे गुरुजीही त्यांच्या मागून शाळकरी पोरासारखे मान वाकवून चालले होते, आणि शिष्य वहीत भराभर टिपून घेत होता.

उशिरा आलेल्या एका गृहस्थांनी दारातून विचारले, “या माहिती सांगतायत त्या कोण?”

गुरुजींनी तोंड उघडले, पण त्यांच्या आधी शिष्यच बोलला.

“माझी आई. कारागीर आहे,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरुरीपेक्षा अंमळ मोठाच लागला.