होकाराचा राघू

एका राज्यात धृतिकेतू नावाचा राजा होता आणि त्याला 'नाही' म्हणणारा एकच माणूस होता, त्याचा बालमित्र शारंग. रोज दिवेलागणीला दोघे तळ्याच्या पायरीवर बसत, भाजलेले हरभरे खात आणि हातघाईवर येईपर्यंत वाद घालत. रीत मात्र पक्की. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, मगच खोडायचं. काय ते दिवस होते!

एकदा भर दरबारात, राज्य कशावर उभं असतं या वादात, शारंगाने राजाला निरुत्तर केलं. राजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जादूगार धूम्रकेशाला त्याने आज्ञा केली, "यापुढे शारंगाने मला होच म्हणावं." त्याच क्षणी शारंगाचा राघू झाला. "होय महाराज!" तो म्हणाला आणि बारा वर्षं तेवढंच म्हणत राहिला. त्याचं पाहून दरबारही तेच शिकला.

पहिले आठ दिवस राजाला फार बरं वाटलं. पुढे हरभरे घशाखाली उतरेनात. "मी गाढव आहे," तो म्हणे. "होय महाराज," राघू म्हणे. शेवटी पिंजरा घेऊन राजा जादूगाराच्या गुहेत गेला.

"माझा मित्र परत दे."

"महाराज, तुमचे तीन वाद आठवा. तिन्हींत त्याची बाजू मनापासून मांडा. एकदा जरी चुकलात, तरी तो कायमचा राघू."

पहिला वाद होता, माणूस वाट घडवतो की वाट माणसाला? राजाने राघूला पिंजऱ्याबाहेर काढलं आणि शारंगाची बाजू मांडली, वाटच माणसाला घडवते. राघूचे पाय माणसाचे झाले. दुसरा, फळ झाडाचं की खाणाऱ्याचं? राजाने तिथेही शारंगाचंच म्हणणं मांडलं. पिसं गळाली, हात फुटले. चोच तेवढी उरली.

तिसरा वाद दरबारातला. राजा अडखळला. मग शारंगासारखीच मांडीवर थाप मारून म्हणाला, "राज्य उभं असतं ते राजाला 'नाही' म्हणणाऱ्यांवर. होय म्हणणाऱ्यांत बसलेला राजा एकटाच बोलतो, एकटाच ऐकतो. बारा वर्षं मी तेच केलं." तो चोचीच्या त्या चेहऱ्याकडे वळला. "शारंगा, तुझंच खरं होतं."

"नाही."

चोच गळून पडली. "पुरतं खरं नव्हतं," शारंग म्हणाला. "नुसत्या नकारावरही राज्य उभं राहत नाही. 'नाही' ऐकून घेऊन राजा जो शब्द देतो, त्यावर राहतं. हे तेव्हा तुला सुचलं नाही, मलाही नाही."

राजा लहान मुलासारखा रडला. शाप फिटला. दरबारात माणसं पुन्हा मान वर करून बोलू लागली.

त्या संध्याकाळी पिकल्या केसांचे दोघे पायरीवर बसले. शारंगाने हरभऱ्यांची पुरचुंडी सोडली. "मग, पटलं ना माझं?"

"नाही," राजा डोळे पुसत म्हणाला. "पण थांब. आधी तुझं म्हणणं मांडतो."